१४ तास राबून हाती १०० रुपये! घरच्या नानकटाईचा भाव नेमका कुठे चुकतो?

आठवडी बाजारात घरगुती बेकरी माल विकायचा असेल, तर भाव कसा काढायचा, नोंदणी कुठली लागते, लेबलवर काय हवे? बुलढाणा जिल्ह्यासाठी सविस्तर

घरी भाजलेल्या नानकटाईचे पाव किलोचे पाकीट बाजारात कितीला विकायचे? बहुतेक घरांत उत्तर तयार असते, 'सामानाला लागले त्याच्या दुप्पट.' हिशेब सोपा आहे, तोंडी जमतो आणि गल्ल्यात पैसे दिसतात. त्यामुळे धंदा फायद्यात आहे असेच वाटते.

पण हाच हिशेब कागदावर मांडला की चित्र बदलते. डालड्यातली नानकटाई 'दुप्पट' भावाने विकली, तर २० पाकिटे तयार करून बाजारात बसून विकण्याच्या सुमारे १४ तासांच्या कामाला हातात साधारण १०० रुपये उरतात. म्हणजे तासाला सात रुपये. कुणी फसवलेले नसते, माल खपलेलाही असतो. फक्त करणाऱ्या बाईची मजुरी हिशेबात कुठेच लिहिलेली नसते.

बचत गटाच्या स्टॉलवर, आठवडी बाजारात किंवा ओळखीच्या किराणा दुकानात घरची नानकटाई, बिस्किटे, टोस्ट, केक ठेवू पाहणाऱ्यांसाठी हा भाव काढण्याची पद्धत पायरीपायरीने पाहू.

पायरी १ : सामानाचा खरा खर्च

उदाहरण म्हणून नानकटाईचा एक घाणा घेऊ. खालचे सर्व दर हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्यक्षात आपल्या गावातल्या किराणा दुकानाचा दर टाकायचा.

- मैदा ५०० ग्रॅम (४४ रु. किलो) : २२ रु.
- बेसन १०० ग्रॅम (११० रु. किलो) : ११ रु.
- रवा ५० ग्रॅम (४० रु. किलो) : २ रु.
- पिठीसाखर ३५० ग्रॅम (५० रु. किलो) : १७.५० रु.
- वेलची, सोडा, बेकिंग पावडर, मीठ : १२.५० रु.
- तूप ४०० ग्रॅम (६५० रु. किलो) : २६० रु.

एकूण ३२५ रुपये. तुपाऐवजी डालडा वापरला (१६० रु. किलो), तर ४०० ग्रॅमचे ६४ रुपये आणि घाण्याचा खर्च १२९ रुपये.

कच्च्या मालाचे वजन १,४०० ग्रॅम आहे म्हणून विकायलाही १,४०० ग्रॅम मिळेल, असे धरू नये. भाजताना वजन घटते, काही नग फुटतात, काही करपतात. इथे भाजल्यावर १,३०० ग्रॅम आणि त्यातून ५० ग्रॅम चुरा धरला आहे. विकण्याजोगा माल उरला १,२५० ग्रॅम, म्हणजे पाव किलोची पाच पाकिटे. पाकिटामागे सामान पडले तुपात ६५ रुपये आणि डालड्यात २६ रुपये.

आपली घट किती, हे पहिल्या तीन-चार घाण्यांना आधी आणि नंतर वजन करूनच कळते. अंदाजाने धरलेली घट जवळपास नेहमी कमी धरली जाते.

पायरी २ : सामानापलीकडचा खर्च

एका बाजारासाठी चार घाणे, म्हणजे २० पाकिटे केली असे समजू. आता बाकीचा खर्च असा :

- पिशवी आणि लेबल (पाकिटाला ६ रु.) : १२० रु.
- वीज (ओटीजीला अंदाजे ८ युनिट, १० रु. दराने) : ८० रु.
- ओटीजी, ट्रे, काटा यांची झीज : ८० रु.
- करण्याची मजुरी (८ तास, ४० रु. दराने) : ३२० रु.
- जाण्या-येण्याचे भाडे : १०० रु.
- बाजार वसुलीची पावती : २० रु.
- बाजारात बसण्याची मजुरी (६ तास, ४० रु. दराने) : २४० रु.

झिजेचा आकडा असा आला : १२ हजारांचे साहित्य १५० बाजार चालेल असे धरले, तर एका बाजाराच्या वाट्याला ८० रुपये येतात. ओटीजी बंद पडेल त्या दिवशी नवीन घ्यायचे पैसे याच ८० रुपयांतून साठलेले असायला हवेत.

मजुरी तासाला ४० रुपयेच का? महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागले तर तासाला ३९ रुपये. म्हणजे ४० रुपये हा काही फार मोठा भाव नाही. उन्हात माती उचलण्याला जो दर मिळतो, तोच मोजून-मापून भाजलेल्या मालाला लावला आहे. हात बसला, गिऱ्हाईक जोडले गेले की तो वाढवायला हरकत नाही.

पायरी ३ : किती खपले त्याने भागायचे

सगळी बेरीज केली तर २० पाकिटांचा खर्च तुपात २,२६० रुपये आणि डालड्यात १,४७६ रुपये होतो.

इथे सर्वात मोठी चूक होते ती २० ने भागण्याची. बाजारातून सगळीच्या सगळी पाकिटे खपून येतील असा नेम नसतो. दोन पाकिटे उरली किंवा दबून चुरा झाली असे धरले, तर खर्च १८ पाकिटांतूनच निघायला हवा.

- तुपातली : २,२६० भागिले १८ = सुमारे १२६ रु. त्यावर १५ टक्के नफा धरून भाव १४५ रु.
- डालड्यातली : १,४७६ भागिले १८ = ८२ रु. १५ टक्के नफ्यासह भाव ९५ रु.

हा नफा म्हणजे मजुरी नव्हे. मजुरी आधीच खर्चात धरली आहे. १५ टक्के हे पुढच्या महागाईसाठी, बिघडलेल्या घाण्यासाठी आणि धंदा वाढवण्यासाठी.

मग 'दुप्पट'चा नियम कुठे फसतो?

दुप्पटच्या नियमाने तुपातल्या पाकिटाचा भाव १३० रुपये येतो. १२६ रुपये खर्च भरून निघतो, चार रुपये वर राहतात. म्हणजे कसाबसा तरतो.

डालड्यातल्या पाकिटाचा भाव मात्र येतो ५२ रुपये. १८ पाकिटांचे मिळाले ९३६ रुपये. सामान, पिशव्या, वीज, भाडे आणि पावती यांचा रोख खर्च ८३६ रुपये. हातात उरले १०० रुपये. ओटीजीची झीज काढली तर २०.

कारण उघड आहे. डालडा स्वस्त झाला म्हणून मळायला, वळायला, भाजायला आणि बाजारात बसायला लागणारा वेळ कमी होत नाही. सामान जितके स्वस्त, तितका मजुरीचा वाटा मोठा. म्हणून टोस्ट, खारी, साधी बिस्किटे, पाव अशा स्वस्त सामानाच्या मालात 'दुप्पट' सर्वात जास्त बुडवते. नेमका हाच माल नवखे लोक आधी करायला घेतात.

मजुरी आधी, नफा नंतर हा नियम नवा नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे पापड लाटणाऱ्या बहिणीला लाटलेल्या पापडाच्या वजनावर मजुरी मिळते. लाटणे हा खर्च आहे, तो भावात असलाच पाहिजे, हे तिथे गृहीत आहे. घरच्या ओट्यावर मात्र ते विसरले जाते.

घरचे तूप, घरची ज्वारी फुकट नसते

ग्रामीण घरांत आणखी एक आकडा गळतो. तूप घरच्या म्हशीचे, गहू-ज्वारी घरच्या शेतातली, म्हणून ते हिशेबात शून्य रुपयांचे. अशाने नानकटाई स्वस्त पडत नाही. घरातला दुसरा माल फुकट विकला जातो.

२०२५-२६ च्या खरिपासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये होता, म्हणजे किलोला ३७ रुपये. ती ज्वारी दळून बिस्किटात घातली आणि भाव लावला नाही, तर किलोमागे तेवढी रक्कम बिस्किट खाणाऱ्याला भेट दिली. बाजारात आज जो भाव मिळाला असता तो, अधिक दळणावळ, एवढे सामानाच्या यादीत लिहायलाच हवे. तुपालाही हेच लागू.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून ज्वारी-नाचणीच्या बिस्किटांना मागणी मिळू लागली आहे. मात्र ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसल्याने हा माल जास्त फुटतो. त्याची घट नानकटाईपेक्षा जास्तच धरावी.

ओटीजी की बेकरीची भट्टी?

दिवाळी आणि ईदच्या आधी मळलेले पीठ किंवा सगळे सामान घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचे आणि नानकटाई भाजून आणायची, ही पद्धत अनेक गावांत जुनी आहे. विक्रीच्या मालासाठीही ती उपयोगी पडते, पण हे मजुरी धरल्याशिवाय कळत नाही.

समजा भट्टीवाला किलोला ३० रुपये भाजणावळ घेतो. पाच किलोचे १५० रुपये. ओटीजीची वीज ८० रुपये, म्हणून ओटीजी स्वस्त वाटते. पण भट्टीत मोठे ट्रे एकदम जातात. त्यात तीन तास वाचले तर १२० रुपयांची मजुरी वाचली. ओटीजीचे खरे गणित मग २०० रुपयांचे होते आणि भट्टी ५० रुपयांनी परवडते.

फक्त एक काळजी घ्यावी. माल शाकाहारी म्हणून विकायचा असेल, तर त्याच ट्रेवर अंड्याचा माल भाजला जातो का, हे आधी विचारून ठेवावे.

घाटावर काय विकावे, घाटाखाली काय?

बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत आणि हवा एकसारखी नाही. बुलढाणा, चिखलीचा पट्टा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली. एप्रिल-मेमध्ये घाटाखालच्या उघड्या बाजारात क्रीमचा केक तासाभरात उतरतो. डालड्याची नानकटाईही मऊ पडून आकार सोडते. पावसाळ्यात दोन्हीकडे खारी आणि बिस्किटे हवा लागून सादळतात.

म्हणून आठवडी बाजारासाठी कोरडा माल बरा : नानकटाई, टोस्ट, बिस्किटे, सुका केक. क्रीमचा केक ऑर्डर आल्यावरच आणि आगाऊ रक्कम घेऊनच करावा.

हंगामाचेही तसेच. सोयाबीन आणि कापूस विकला गेला की दिवाळीच्या आसपास हातात पैसा असतो, तेव्हा तुपातले पाव किलोचे पाकीट खपते. जून-जुलैमध्ये पैसा बियाणे आणि खतात अडकतो, तेव्हा छोटी पाकिटे चालतात.

यात्रा-उत्सवांची गर्दी हा वेगळा बाजार. १२ जानेवारीचा सिंदखेडराजातील जिजाऊ जन्मोत्सव, माघातला शेगावचा प्रकट दिन, होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा, आश्विनातली देऊळगावराजाची बालाजी यात्रा. तिथे जागेचे भाडे जास्त पडू शकते. वरच्या उदाहरणात तुपातल्या पाकिटाला सामान, पिशवी, वीज आणि करण्याची मजुरी मिळून ९१ रुपये लागतात. १४५ च्या भावात ५४ रुपये सुटतात. जागेला ५०० रुपये जास्त द्यावे लागले, तर नुसते तेवढे निघायला १० पाकिटे जास्त खपावी लागतील. जागा घेण्याआधी हा भागाकार करावा.

बाजारात बसल्यावर : पाच गोष्टी

१. १६ चा आकडा लक्षात ठेवावा. वरच्या दोन्ही भावांत खर्च भरून निघायला २० पैकी १६ पाकिटे खपावी लागतात. सलग तीन-चार बाजार १६ च्या खाली गेले, तर भाव, माल किंवा जागा यांपैकी काहीतरी बदलायला हवे.

२. छोटे पाकीट ठेवावे, पण भाव तोच. बाजाराला आलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात भाजीनंतर २०-५० रुपये उरलेले असतात. तुपातल्या नानकटाईचा भाव ग्रॅमला ५८ पैसे पडतो. १०० ग्रॅमचे पाकीट ६० रुपयांना बसते, कारण छोट्या पाकिटाला पिशवीचा खर्च जास्त. २० रुपयांत साधारण दोन नग येतात.

३. 'पाच रुपये कमी करा'चा अर्थ. १८ पाकिटांवर पाच-पाच रुपये सोडले तर ९० रुपये गेले. तुपातल्या मालावर एका बाजाराचा नफा साधारण ३५० रुपये आहे, म्हणजे त्याचा चौथा हिस्सा. डालड्यातल्या मालावर नफा सुमारे २३० रुपये, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त. भाव तोडण्याऐवजी दोन पाकिटांवर एखादा नग वर घालणे परवडते.

४. चव चुऱ्यातून द्यावी. चार घाण्यांतून २०० ग्रॅम चुरा निघतो. तोच डब्यात घेऊन चवीला द्यावा. चवीसाठी पाकीट फोडले की ते विक्रीतून गेले.

५. संध्याकाळी भाव पाडायचा का? ते टिकण्यावर अवलंबून. पाव किंवा केक उद्या शिळा होणार असेल, तर शेवटच्या तासात मिळेल तो भाव घ्यावा. हवाबंद डब्यातली नानकटाई पुढच्या बाजारातही चालते. ती पाडून विकली की पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक भवानीलाच तो भाव मागते.

माल किती दिवस टिकतो हे ठरवायची घरगुती रीत सोपी आहे. प्रत्येक नव्या मालाची तीन पाकिटे बाजूला ठेवून सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी एकेक उघडावे. मऊपणा किंवा खवट वास ज्या दिवशी जाणवेल, त्याच्या बऱ्याच आधीची तारीख लेबलवर घालावी.

दुकानात ठेवला तर?

दुकानदाराने छापील भावावर २० टक्के मागितले की नुकसान वाटते. १४५ पैकी २९ रुपये त्याचे, हातात ११६. पण दुकानात ठेवलेल्या मालाला बाजारात बसायचे सहा तास नाहीत, पावती नाही आणि जाण्या-येण्याचे भाडेही नाही. तुपातल्या पाकिटाचा खर्च ९५ रुपयांवर येतो आणि २१ रुपये सुटतात. सगळी २० पाकिटे गेली तर ४२० रुपये, म्हणजे बाजारातल्या ३५० पेक्षा जास्त.

अट दोनच गोष्टींची. न खपलेला माल कोणाच्या अंगावर, आणि पैसे माल देताना की खपल्यावर. हे पहिल्या दिवशीच बोलून वहीत लिहून घ्यावे. उधारीत अडकलेली २० पाकिटे म्हणजे पुढच्या चार घाण्यांचे सामान अडकले.

कायदा काय सांगतो?

नोंदणी : घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो. छोट्या उत्पादकाला परवाना नव्हे, नोंदणी लागते. २०११ च्या नियमावलीने त्यासाठी वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीची मर्यादा आणि वर्षाला १०० रुपये शुल्क ठरवले. अर्ज एफएसएसएआयच्या 'फॉसकॉस' पोर्टलवर होतो आणि चालू मर्यादा व शुल्कही तिथेच दिसते. वरच्या उदाहरणातला सर्वात चांगला बाजार (२,६१० रुपये) वर्षाचे ५२ आठवडे झाला, तरी उलाढाल १ लाख ३६ हजारांच्या आत राहते. नोंदणी झाली की १४ अंकी क्रमांक मिळतो.

लेबल : आधीच बंद केलेल्या पाकिटावर या गोष्टी हव्यात :

- पदार्थाचे नाव आणि घटकांची यादी
- तयार करणाऱ्याचे नाव व पत्ता, संपर्क क्रमांक
- निव्वळ वजन
- तयार केल्याची आणि वापराच्या अंतिम मुदतीची तारीख
- सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, आणि ग्रॅममागे किंमत
- १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक
- शाकाहारी-मांसाहारी खूण
- गहू, दूध, सुकामेवा अशा ॲलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांचा उल्लेख

गिऱ्हाइकासमोर बरणीतून काढून तोलून दिलेल्या सुट्या मालाला पाकिटाच्या लेबलचे नियम लागत नाहीत. नोंदणी मात्र तरीही लागते.

अंडे : अन्न सुरक्षेच्या नियमांत अंडे मांसाहारात मोडते. अंडे घातलेल्या केकवर हिरवा ठिपका लावता येत नाही. चौकोनातला तपकिरी त्रिकोण लावावा लागतो. श्रावण, नवरात्र आणि शेगावच्या वाटेवरच्या गिऱ्हाइकांसाठी अंड्याविना माल वेगळा करून तसे स्पष्ट लिहिणे हा विक्रीचाही मुद्दा आहे.

'शुद्ध तुपातील' : थोडे तूप, थोडा डालडा घालून असे लिहिणे म्हणजे दिशाभूल. हिशेबात दोघांच्या पाकिटात ५० रुपयांचा फरक आहे. गिऱ्हाईक तो फरक त्या शब्दांवर विश्वास ठेवून देते.

काटा : स्वयंपाकघरातला छोटा काटा विक्रीला चालत नाही. विक्रीच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दर वर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो.

बांधणी : वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ देता येत नाही, त्याची शाई मालाला लागते. हातात धरायच्या प्लास्टिक पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

जीएसटी लागतो का?

केक, पेस्ट्री आणि बिस्किटांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. घरगुती विक्रेत्यावर याचा परिणाम दोन बाजूंनी होतो.

महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. त्यामुळे घरगुती विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घ्यायचा नाही. कर कमी झाल्याचा थेट फायदा मिळतो तो सामानात. तूप आणि लोण्यावरचा कर त्याच दिवशी १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

दुसऱ्या बाजूला, कंपनीच्या पाकीटबंद बिस्किटांवरचा करही उतरला. 'कंपनीपेक्षा स्वस्त' हा मुद्दा घरगुती मालाला आधीही फारसा झेपत नव्हता, आता तर नाहीच. कंपनी मैदा टनांनी घेते. घरच्या मालाची बाजू ताजेपणा, तूप आणि ओळखीची चव ही आहे. भाव त्यावरच मागावा.

धंदा वाढवायचा असेल तर मदत कुठे?

- पीएमएफएमई : २०२० मध्ये सुरू झालेल्या या केंद्रीय योजनेत सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवले होते. बचत गटाच्या सदस्यांसाठी प्रत्येकी ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद होती. योजनेची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवण्यात आली होती, म्हणून मशीनचे कोटेशन घेण्याआधी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात सद्य:स्थिती विचारावी.
- उमेद : राज्याच्या जीवनोन्नती अभियानातील गटांना फिरता निधी, बँक कर्ज आणि 'सरस'सारख्या प्रदर्शनांत विक्रीची संधी मिळते.
- आरसेटी : बँकांमार्फत चालणाऱ्या या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत प्रशिक्षण, राहणे आणि जेवण मोफत असते.

कर्जाने मोठा ओव्हन घेण्याआधी एकच आकडा तपासावा. आत्ताच्या ओटीजीवरची २० पाकिटे सलग आठ-दहा बाजारांत खपत आहेत का? नसतील, तर अडचण ओव्हनची नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शेजारच्या बेकरीत तीच नानकटाई स्वस्त मिळते. मग आपला भाव कसा टिकेल?
आधी दोघांचे सामान तेच आहे का, ते पाहावे. बेकरीचा माल डालड्यातला आणि घरचा तुपातला असेल, तर तुलनाच चुकीची. सामान तेच असेल तर बेकरीशी भावात स्पर्धा करू नये. बेकरीत मिळत नाही असा एखादा माल निवडावा.

सुरुवातीला गिऱ्हाईक जोडण्यासाठी कमी भाव ठेवला तर?
भाव एकदा खाली लावला की वर नेणे अवघड जाते. त्यापेक्षा भाव पूर्ण ठेवून चव मोकळ्या हाताने द्यावी, किंवा पहिल्या महिन्यापुरता 'दोन पाकिटांवर १० रुपये कमी' असा मुदतीचा सूट-फलक लावावा.

तूप महागले की दर आठवड्याला भाव बदलायचा?
नाही. १५ टक्क्यांचा नफा छोटी चढ-उतार सोसण्यासाठीच आहे. तूप ६५० वरून ७०० झाले तर पाकिटामागे चार रुपये वाढतात. असे दोन धक्के बसले की मगच भाव बदलावा. वजन गुपचूप कमी करणे हा मार्ग नव्हे. तो मापातला खोटेपणा ठरतो आणि कायद्यातही अडकवतो.

छापील किमतीपेक्षा कमी घेतले तर चालते?
चालते. जास्त घेता येत नाही, यात्रेतही नाही.

हिशेब ठेवायला ॲप लागते का?
शाळेची वही पुरते. दर बाजाराला एक पान आणि सहा ओळी : किती नेले, किती खपले, किती रोख व यूपीआयने आले, रोख खर्च किती, करायला किती तास, बसायला किती तास. आलेल्या पैशांतून रोख खर्च आणि झीज वजा करावी आणि उरलेल्याला एकूण तासांनी भागावे. उत्तर ४० च्या खाली असेल, तर माल खपतोय पण मजुरी बुडतेय. तुपातल्या उदाहरणात हे उत्तर ६५ येते. डालड्यातल्या ९५ रुपयांच्या भावाला सुमारे ५७ येते. आणि ५२ रुपयांच्या 'दुप्पट' भावाला, झीज वजा केली तर, दीड रुपयाच्याही आत.